आम्ही हॉकी पाहतो, हजेरी देत नाही

हॉकीची मोठी स्पर्धा आली की परभणी जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या शौकिनांना दोन वेळापत्रके पाठ करावी लागतात. एक वर्तमानपत्रात छापून येते. दुसरे कुठेच छापले जात नाही, तरी सर्वांना ठाऊक असते. त्यात एकच सामना असतो : भारत विरुद्ध पाकिस्तान. पहिल्या वेळापत्रकात आम्ही प्रेक्षक असतो. दुसऱ्यात आम्हांला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते. या दुसऱ्या वेळापत्रकाविषयी आता स्पष्ट बोलले पाहिजे. विचारणाऱ्यांशी बोलले पाहिजेच, पण विचारले जाण्यापूर्वीच धावत जाऊन उत्तर देणाऱ्या आपल्या माणसांशीही बोलले पाहिजे.

2010 सालची गोष्ट घेऊ. त्या वर्षी पुरुषांचा हॉकी विश्वचषक दिल्लीत भरला होता. 28 फेब्रुवारीला मेजर ध्यानचंद राष्ट्रीय स्टेडियमवर भारताची गाठ पाकिस्तानशी होती. पुण्याच्या जर्मन बेकरीत स्फोट होऊन पंधरवडा झाला होता. आदल्या दिवशी ईद-ए-मिलाद झाली होती आणि त्या रात्री होळी होती. भारनियमनाच्या त्या दिवसांत इन्व्हर्टरवर टीव्ही चालवणारे एक हॉटेल आमच्या मोहल्ल्यात होते. तिकडे निघालो असता ओळखीच्याच एका गृहस्थांनी हसत हसत विचारले, "काय भाई, आज कोणाकडून?"

प्रश्नात द्वेष नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. द्वेषाला उत्तर देता येते. गृहीत धरण्याला कोणते उत्तर द्यावे? याच गृहस्थांनी आम्हांला जर्मनीच्या किंवा हॉलंडच्या सामन्याच्या वेळी हा प्रश्न कधी विचारला नाही. तो विचारायचे त्यांच्या मनातही आले नसते.

भारताने सामना 4-1 असा जिंकला. संदीप सिंगने दोन गोल केले, शिवेंद्र सिंग आणि प्रभज्योत सिंगने एकेक. हॉटेलात जल्लोष झाला आणि तो खरा होता. त्यानंतर मात्र जे घडले त्याची आम्हांला आजही शरम वाटते. आमच्यातल्या दोघा-तिघांनी पेढे आणले. ते पेढे मोहल्ल्यात वाटायचे सोडून थेट मोठ्या चौकात नेण्याचा बेत ठरला. चौकात, म्हणजे जिथे "ते" पाहतील तिथे. कोपऱ्यात बसलेले एक बुजुर्ग, ज्यांना सगळे मामू म्हणत, एवढेच बोलले : "अरे, पेडे मूं मीठा करने कू लाए की हाजिरी लगाने कू?" कोणी हसले, कोणी मान खाली घातली. पेढे मात्र चौकात गेलेच.

आता त्याच स्पर्धेचा पुढचा भाग सांगतो, कारण तो कोणाला आठवत नाही. 2 मार्चला ऑस्ट्रेलियाने भारताला 5-2 असे हरवले. 4 मार्चला स्पेनने तेवढ्याच फरकाने. 6 मार्चला इंग्लंडकडून 3-2 ने हार झाली. 8 मार्चला दक्षिण आफ्रिकेशी 3-3 बरोबरी. राहिला तो सातव्या-आठव्या क्रमांकासाठीचा सामना. 12 मार्चला अर्जेंटिनाशी तोही 4-2 असा गमावून भारत आठवा आला. पाकिस्तान तर बारावा, म्हणजे शेवटचा होता.

त्या 12 मार्चला हॉटेलात आम्ही सहा-सात जणच होतो. बचावफळी उघडी का पडते, पेनल्टी कॉर्नर वाया का जातात, यावर आमची कडाक्याची भांडणे चालली होती. रस्त्याने कोणीही आत डोकावून विचारले नाही की आज तुम्ही कोणाकडून. चौकात पेढे नेणारेही फिरकले नाहीत. विचारणाऱ्यांना आणि सिद्ध करणाऱ्यांना, दोघांनाही भारताच्या हॉकीशी देणेघेणे नव्हते. दोघांचा सामना 28 फेब्रुवारीलाच संपला होता. ज्यांचा संपला नव्हता ते सहा-सात जण आठव्या क्रमांकाचे दुःख करीत बसले होते. आता सांगा, राष्ट्रनिष्ठा मोजायचीच असेल तर ती कोणत्या तारखेला मोजावी?

काही जण म्हणतील, एका प्रश्नाचा एवढा बाऊ कशाला? मजेत विचारले, मजेत घ्यावे. आम्ही तसे घेतलेही असते, पण या मजेचा इतिहास आम्हांला ठाऊक आहे. 12 ऑगस्ट 1948 रोजी लंडनच्या ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताने ब्रिटनला 4-0 असे हरवून हॉकीचे सुवर्णपदक घेतले. त्या दिवशी आमची परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. भारतात यायला अजून पाच आठवडे होते. सप्टेंबरच्या पोलीस अ‍ॅक्शननंतर मराठवाड्यातल्या मुसलमानाला जो प्रश्न विचारला गेला, त्याचीच ही हॉकीतली आवृत्ती आहे. आजोबांना विचारलेला प्रश्न नातवालाही विचारला जातो, फक्त आता तो हसत विचारला जातो.

आणि हॉकीचे म्हणाल, तर या खेळात सरहद्द माणसांच्या अंगावरून गेली आहे. 15 ऑगस्ट 1936 रोजी बर्लिनमध्ये ध्यानचंदांच्या संघाने जर्मनीला 8-1 असे हरवले. त्या संघात अहमद शेर खान होते, जाफर होते, मोहम्मद हुसेन होते आणि खास बोलावून घेतलेले दारा होते. हेच दारा 1948 मध्ये पाकिस्तानचे कर्णधार झाले. त्याच 1948 मध्ये भारताकडून सुवर्ण जिंकणारे लतीफुर्रहमान आणि अख्तर हुसेन 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये पाकिस्तानकडून खेळले. गेले त्यांची गोष्ट ही झाली. राहिले त्यांची गोष्ट कोण सांगणार? अहमद शेर खानांचे घर भोपाळमध्येच राहिले. 1975 मध्ये क्वालालंपूरच्या विश्वचषकात उपांत्य सामन्यात भारत मलेशियाविरुद्ध 2-1 असा मागे होता, मिनिटे संपत आली होती. पेनल्टी कॉर्नर मिळाला आणि राखीव खेळाडू म्हणून अहमद शेर खानांचा मुलगा अस्लम मैदानात आला. गळ्यातल्या तावीजचे त्याने चुंबन घेतले आणि चेंडू जाळ्यात मारला. जादा वेळेत भारत जिंकला. 15 मार्चला अंतिम सामन्यात पाकिस्तानचा 2-1 असा पराभव झाला. निर्णायक गोल ध्यानचंदांचे चिरंजीव अशोककुमार यांचा होता. बर्लिनला एकत्र खेळलेल्या दोन बापांच्या दोन मुलांनी भारताला त्याचा आजवरचा एकमेव विश्वचषक मिळवून दिला. रेडिओवर जसदेव सिंग यांच्या तोंडून तो सामना ऐकलेली माणसे आमच्या घरांत होती. त्यांना अस्लमच्या तावीजचे कौतुक होते, पण त्याहून जास्त कौतुक त्याच्या मनगटाचे होते.

मग 1982 आले. दिल्लीच्या आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारताला 7-1 असे धुतले. कर्णधार होते झफर इक्बाल. गोलरक्षक होते मीर रंजन नेगी. पैसे खाल्ल्याचा, देश विकल्याचा आरोप नेगींवर झाला आणि त्या माणसाचे आयुष्य होरपळून निघाले. नेगी हिंदू आहेत. पुढे ते गोलरक्षणाचे प्रशिक्षक म्हणून परतले आणि 2002 मध्ये मँचेस्टरला राष्ट्रकुल सुवर्ण जिंकणाऱ्या महिला संघाबरोबर होते. झफर इक्बाल 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही कर्णधार होते आणि उद्घाटनाला तिरंगा त्यांच्याच हातात होता.

2007 मध्ये नेगींच्या अनुभवाशी नाते सांगणारा 'चक दे! इंडिया' पडद्यावर आला, तेव्हा नायक झाला कबीर खान. आम्हीही तो चित्रपट डोळे पुसत पाहिला. पण घरी आल्यावर एक प्रश्न छळू लागला. ज्याच्यावर खरोखर आरोप झाला तो हिंदू होता; मग पडद्यावर तो मुसलमान का करावा लागला? कारण उघड आहे. कबीर खानवरचा संशय प्रेक्षकाला समजावून सांगावा लागत नाही. याचे श्रेय चित्रपटाला द्यायला हवे, त्याने समाजाची नाडी बरोबर ओळखली. पण त्याने दिलेला उतारा आम्हांला मान्य नाही. कबीर खानला त्याच्या गल्लीने परत घेतले ते त्याच्या मुलींनी विश्वचषक जिंकल्यावर. समजा त्या मुली अंतिम सामन्यात हरल्या असत्या, तर? तर कबीर गद्दार ठरला असता काय? ज्या निर्दोषत्वाला चषकाचा पुरावा लागतो ते निर्दोषत्व नव्हे, तो फक्त पुढच्या पराभवापर्यंत मिळालेला जामीन आहे.

हा जामीन फक्त आम्हांलाच लागतो असेही नाही. 2021 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये 31 जुलैला वंदना कटारियाने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये अशी कामगिरी करणारी ती पहिली भारतीय महिला. 4 ऑगस्टला उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाकडून संघ हरला आणि हरिद्वारजवळच्या तिच्या गावी घरासमोर फटाके फोडून जातिवाचक शिवीगाळ झाल्याची तक्रार पोलिसांत गेली. संघात दलित फार झाले म्हणून हरलो, असे म्हटले गेल्याचे कुटुंबीयांनी सांगितले. म्हणजे मुसलमानाला पाकिस्तानचा सामना लागतो, दलित मुलीला कोणताही पराभव पुरतो. परीक्षक तोच आहे. आपल्या दुःखाला जगावेगळे समजणाऱ्या आमच्या बांधवांनी हे ध्यानात घ्यावे.

आता थोडे आपल्या घरात पाहू. आमच्यातही पूर्वी एखादा पोरगा पाकिस्तान जिंकल्यावर शिट्टी मारायचा, हे आम्ही नाकारत नाही. तो मूर्खपणा होता. शेजारच्या देशाच्या संघाशी त्याचे नाते एवढेच, की त्याला त्याच्याच गावात परके म्हटले गेले होते. त्या मूर्खपणावर आमच्या बुजुर्गांनी त्याचे कान उपटले, हे बरेच केले. पण दुसऱ्या टोकाचा मूर्खपणा आम्ही शहाणपण म्हणून खपवतो. संघ जाहीर झाला की आम्ही त्यातली मुसलमान नावे मोजतो. मोहम्मद शाहिद आपला, झफर आपला. मग धनराज पिल्ले कोणाचा? खडकीत वाढलेला तो पोरगा आमचा नाही काय? नावे मोजणारा आणि निष्ठा मोजणारा, दोघांच्या हातात एकच तराजू असतो.

मोजायचेच असेल तर हे मोजा. टोकियोला चौथा क्रमांक मिळवणाऱ्या महिला संघात सोनीपतची निशा वारसी होती, एका शिंप्याची मुलगी. 2022 च्या ज्युनियर विश्वचषकात लखनौच्या मुमताज खानने आठ गोल केले आणि त्या वर्षी जागतिक हॉकी महासंघाचा उदयोन्मुख खेळाडूचा पुरस्कार मिळवला. तिच्या घरी भाजीची गाडी. या दोघींचे फोटो आमच्या मोबाइलवर फिरले, माशाअल्लाहचा पाऊस पडला. पण शिंपी आमच्या मोहल्ल्यात नाहीत काय? भाजीची गाडी जिंतूरला, पाथरीला, गंगाखेडला लागत नाही काय? मग आमच्या मुलींच्या हातात हॉकीची काठी का नाही? शाळेला मैदान नाही, असे उत्तर येते. ते खरेही आहे. पण मैदान असते तरी आम्ही सातवीनंतर मुलीला त्यावर पाठवले असते काय? याचे उत्तर चौकात पेढे वाटून देता येत नाही. ते घरातच द्यावे लागते.

1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हा खेळ कृत्रिम मैदानावर गेला. गवतावर वाढलेला आपला संघ त्या वर्षी सातवा आला. कृत्रिम मैदानाला पैसा लागतो, पाणी लागते, आणि ते जिल्ह्याजिल्ह्यात पोचायला पिढ्या गेल्या. भारतीय हॉकी का घसरली याची खरी चर्चा इथून सुरू होते. निष्ठा तपासणाऱ्यांनी ही चर्चा कधी केल्याचे आम्ही ऐकले नाही. त्यांना गद्दार हवा असतो, मैदान नको असते. आणि गंमत पाहा : लहानपणी शाळेत आम्हांला हॉकी हा राष्ट्रीय खेळ असे शिकवले. 2012 मध्ये माहितीच्या अधिकारात विचारले असता क्रीडा मंत्रालयाने कळवले की, कोणताही खेळ राष्ट्रीय म्हणून जाहीर केलेला नाही. म्हणजे खुद्द हॉकीकडेही राष्ट्रीयत्वाचे प्रमाणपत्र नाही! तरी टोकियोत 5 ऑगस्ट 2021 रोजी जर्मनीला 5-4 असे हरवून 41 वर्षांनी पदक आले, तेव्हा कोणी हॉकीकडे कागद मागितला नाही.

आम्हीही तो यापुढे देणार नाही. भारत जिंकला तर पेढे मोहल्ल्यात वाटू, ज्याला खायचे त्याने यावे. हरला तर प्रशिक्षकाला, निवड समितीला शिव्या घालू, कारण घरच्या माणसावर रागावण्याचा हक्क घरच्यांना असतो. पाकिस्तानचा एखादा फॉरवर्ड सुंदर खेळला तर वाहवाही करू, जशी ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूची करतो.

आणि पुढच्या स्पर्धेत कोणी हसत विचारले, "आज कोणाकडून?", तर आम्ही रागावणार नाही. आम्हीही हसत विचारू : "भाऊ, 12 मार्च 2010 ला आपण कोणाशी हरलो होतो?" उत्तर येत असेल तर फारच उत्तम. येत नसेल तरी आत या, बसा. चहा सांगितला आहे, सामना सुरू व्हायला अजून दहा मिनिटे आहेत.