सायकल मिळाली, बुटांचे काय?

मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल मिळते. सरकारी व स्थानिक संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना बूट-मोजे देण्याचा निर्णय शासनाने 2023 मध्ये घेतला. म्हणजे नववीत गेलेल्या मुलीला सायकल आहे, बूट नाहीत. ती स्लीपर घालूनच चार-पाच किलोमीटर पायडल मारते. तिचे वडीलही तशाच स्लीपरवर एमआयडीसीत ड्यूटीला जातात. आमच्या मते हा आरोग्याचा प्रश्न आहे, आणि आपल्या वस्त्यांत त्याबद्दल कोणी बोलत नाही.

स्लीपरला मागे पट्टा नसतो. ती निसटू नये म्हणून बोटे सतत आवळून धरावी लागतात. मग तळवा दुखतो, पोटऱ्या भरून येतात. पावसात पाय घसरला की पायडलची कड थेट नडगीवर बसते. पडलो तर उघडी बोटे रस्त्याला घासतात. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांना तर जखम लवकर कळतही नाही. त्यांनी स्लीपरवर सायकल चालवूच नये.

यासाठी फार खर्च नको. पायडलला अडकवायचे खास बूट शर्यतवाल्यांना लखलाभ. ते घालून धड चालताही येत नाही. आपल्याला पुढून बंद, टाचेला घट्ट, सपाट रबरी सोलचे साधे बूट पुरतात. दुकानात बूट दोन्ही हातांनी वाकवून पाहा. चवड्यापाशी वाकला तर ठीक, मधोमध घडी पडली तर परत ठेवा. उशीसारखे मऊ रनिंगचे बूट पळायला बरे, पण पायडलवर त्यांचा स्पंज दबतो आणि पायाचा जोर वाया जातो. दुकानदार नेमके तेच पुढे करतो! खरेदी संध्याकाळी करा, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. कंपनीचे सेफ्टी बूट जड असले तरी सोल टणक असतो, जवळच्या अंतराला चालतात. साडी नेसणाऱ्या भगिनींनी मागे पट्टा असलेली, बोटे झाकणारी सँडल घ्यावी.

उजव्या बुटाची नाडी चेनमध्ये अडकते, म्हणून टोके आत खोचा. सोल नुसता चिकटवलेला असेल तर मोच्याकडून कडेने शिलाई मारून घ्या. भिजलेले बूट चुलीपाशी ठेवू नका, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा.

कोणी म्हणेल, वहाणेचे एवढे काय? आपल्या आजा-पणजांना कित्येक गावांत वरच्या आळीतून जाताना वहाणा हातात घ्याव्या लागत. चौकातल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या पायांत बूट आहेत, आणि जयंतीला आपण ते पुसून हार घालतो. त्याच जयंतीच्या वर्गणीतून डीजेचे भाडे जाते. आमची मंडळांना स्पष्ट सूचना आहे: यंदा डीजे नको. नववी ते बारावीत सायकलने जाणाऱ्या वस्तीतल्या मुलींची यादी विहारात करा आणि तो पैसा बुटांसाठी बाजूला ठेवा. मापे मात्र एप्रिलमध्ये घेऊ नका. मुलींचे पाय वाढते असतात. शाळा उघडायच्या आठवडाभर आधी प्रत्येकीला सोबत नेऊन, पायात घालूनच बूट घ्या.