लहान्याचे मौन हा दोष नव्हे



‘आक्रोश’ (1980) आता शिळा झाला, त्यात आदिवासी मुका दाखवून त्याचा अपमान केला आहे, हे मागील अंकातील पत्रलेखकाचे मत पटत नाही. विजय तेंडुलकर यांनी लिहिलेल्या आणि गोविंद निहलानी यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात ओम पुरींचा आदिवासी लहान्या कोर्टात गप्प राहतो, कारण तोंड उघडले तर घरच्यांचे काय होईल हे तो ओळखून असतो. वडिलांच्या चितेपाशी बहिणीवर खिळलेली मुकादमाची नजर दिसताच तो कुऱ्हाड उचलतो आणि बहिणीलाच मारतो. मग फुटते ती किंकाळी. शिवाय सरकारी वकील दुसाणे हाही आदिवासीच, आणि तो कोर्ट गाजवतो. म्हणजे हे मौन जमातीचे नाही, दहशतीचे आहे.

‘आमच्या जिल्ह्यातला आदिवासी बोलतो, लढतो’ हा त्या पत्रलेखकाचा आक्षेप रास्तच आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून ते सिद्ध केले. पण त्या गावापाशी जागी ग्रामसभा होती, 2006 चा वनहक्क कायदा होता. लहान्यापाशी यातले काहीच नव्हते.  म्हणून ‘आक्रोश’ला निकालात काढण्याआधी चंद्रपूर-गडचिरोलीच्या रसिकांनी तो शेवटपर्यंत पाहावा, ही विनंती.

— एक वाचक, गडचिरोली