ट्रॅक्टरवरची वीज : घरोघरी नको, गटागटाला हवी

गेल्या काही महिन्यांत गट ऑफिसात येणाऱ्या सभासदांकडून एक मागणी वारंवार ऐकू येते. ट्रॅक्टरच्या पीटीओवर चालणारा अल्टरनेटर घेण्यासाठी कारखान्याने उचल द्यावी आणि ती उसाच्या बिलातून कापून घ्यावी, अशी ती मागणी आहे. "दारात ट्रॅक्टर उभाच आहे, त्याच्याच जिवावर मोटर चालली तर लाईटची वाट कशाला बघायची?" असा सरळ सवाल एका सभासदाने आम्हाला केला. सवाल चुकीचा नाही. परंतु त्याचे उत्तर वाटते तितके सोपेही नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम हिशेब पाहू. 35 हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरच्या पीटीओला सुमारे 30 हॉर्सपॉवर मिळते. त्यावर 15 केव्हीएचा अल्टरनेटर आरामात चालतो. पीटीओ मिनिटाला 540 फेरे मारतो आणि नेहमीच्या चार पोलच्या अल्टरनेटरला 50 सायकलची वीज देण्यासाठी 1500 फेरे लागतात, म्हणून मधे गिअरबॉक्स किंवा पट्टा टाकून वेग पावणेतीन पटीहून किंचित जास्त वाढवावा लागतो. इथपर्यंत ठीक. आता त्यावर उसाला पाणी देणारी 5 हॉर्सपॉवरची एकच मोटर चालवली, तर ती तासाला साडेचार-पाच युनिट खाते. तेवढ्यासाठी ट्रॅक्टर मात्र पूर्ण पीटीओ वेगाने फिरवत ठेवायचा. तासाला सुमारे 3 लिटर डिझेल सहज जाते. डिझेल हल्ली लिटरला 90 रुपयांच्या घरात आहे, म्हणजे युनिट 55-60 रुपयांना पडले. शासनाने 2024 पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांची वीज मोफत केली आहे. रात्रपाळीची आठ तासांची लाईट त्रासाची आहे हे आम्हाला मान्य. बिबट्याच्या भीतीने हातात बॅटरी घेऊन दारे धरणे काय असते ते आम्हीही अनुभवले आहे. तरी पण 60 रुपये युनिटने ऊस भिजवला तर वजनकाट्यावर हातात काय उरणार, याचा ज्याचा त्याने विचार करावा.

शिवाय विहीर किंवा नदी जवळ असेल, तर अल्टरनेटर हवाच कशाला? पीटीओला थेट पंप जोडता येतो. फिरत्या दांड्याची वीज करायची, ती केबलमधून न्यायची आणि मोटरमध्ये पुन्हा तिचा फिरता दांडा करायचा, यात दोन्हीकडे गळती आहे. पूर्वी ऑइल इंजिनावर पंप चालायचा तेव्हा हा द्राविडी प्राणायाम कोणी करत नव्हते. बोअरमधल्या सबमर्सिबलला मात्र इलाज नाही, तिथे वीजच लागते.

तेव्हा रोजच्या पाण्यासाठी हे यंत्र नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते अडचणीच्या दिवसांसाठी आहे. आणि अडचणीचे दिवस आपल्या भागाला नवे नाहीत. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 चे महापूर आठवावेत. खांब आडवे, डीपी पाण्यात, चारी बाजूंनी पाणी आणि प्यायला हंडाभर नाही, कारण पाणीपुरवठ्याची मोटर बंद. संघात दूध गेले नाही. पिठाची गिरणी बंद. मोबाईल बंद पडल्यामुळे पलीकडच्या वस्तीवर म्हातारी माणसे कशी आहेत तेही कळेना. अशा वेळी गावात एक ट्रॅक्टर आणि एक अल्टरनेटर असणे म्हणजे काय, ते ज्यांनी भोगले त्यांना सांगायला नको. आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. गाळप हंगामात आपले ट्रॅक्टर ऊस वाहतुकीत गुंतलेले असतात, एक मोकळा मिळत नाही. पण पुराच्या महिन्यांत तेच ट्रॅक्टर शेडमध्ये उभे असतात. गरज आणि सवड इतकी नेमकी जुळते, ती वाया का घालवावी?

आता जी गोष्ट लिहायला संकोच वाटतो ती लिहितो. 2019 च्या पुरात आमच्या वस्तीवर एक भाड्याचा अल्टरनेटर आला. आम्ही उत्साहाने ट्रॅक्टर जोडला, केबल सरळ घराच्या बोर्डात घातली. मेन स्विच पाडायचे, किटकॅट काढायचे कोणाला सुचले नाही. शेजारच्या दोन घरांतही दिवे लागले, तेव्हा तर आम्हाला उलट आनंदच झाला! ती वीज खांबावरून तिकडे गेली, एवढा साधा विचार मनात आला नाही. त्याच वेळी पुढच्या वळणावर वायरमन खांबावर चढला होता. मुलगा शहाणा, काम सुरू करण्याआधी त्याने तारांवर अर्थिंगची साखळी टाकली. ठिणगी उडाली आणि तो खाली उतरला. सात दिवस कमरेएवढ्या पाण्यातून आपल्यासाठी फिरणारा तो माणूस आमच्या हातून जायचा, तो त्याच्या स्वतःच्या सवयीने वाचला. तो आमच्या दारात आला तेव्हा शिव्या देईल असे वाटले होते. त्याने फक्त "काका, मेन पाडा" एवढेच सांगितले आणि पाणी मागितले.

डीपीचे फ्यूज जागेवर असते तर प्रकार याहून वाईट झाला असता. डीपी 11,000 व्होल्टची 433 करते, तशीच उलट बाजूने वीज घुसली की पुन्हा 11,000 च्या दिशेने चढवते. म्हणून चेंजओव्हर स्विच पाहिजेच, तोही चार पोलचा, म्हणजे तीन फेज आणि न्यूट्रल चारही तुटले पाहिजेत. दांडा एका बाजूला टाकला की महावितरण, दुसऱ्या बाजूला टाकला की अल्टरनेटर, दोन्ही एकदम कधीच नाही. अल्टरनेटरला स्वतंत्र अर्थिंग हवे. पीटीओच्या दांड्यावर संरक्षक नळी नसेल तर ट्रॅक्टर चालूच करू नये. मिनिटाला 540 म्हणजे सेकंदाला 9 फेरे. टॉवेलचे टोक किंवा साडीचा पदर अडकला तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. ट्रॅक्टर उघड्यावर ठेवावा, धुराने बंद गोठ्यात जनावरासकट माणूस गुदमरतो. आणि एका जागी तासन् तास चालणाऱ्या ट्रॅक्टरच्या रेडिएटरची जाळी पाचटाच्या भुश्याने बुजलेली नाही ना, ते बघावे.

मोटर सुरू करतानाचा घोटाळाही समजून घ्यावा. 5 हॉर्सपॉवरची मोटर चालताना साडेसात अँपिअर घेते, पण थेट सुरू करताना त्याच्या सहापट, म्हणजे 45 च्या आसपास ओढते. 15 केव्हीएचा अल्टरनेटर देतो 21. मग व्होल्टेज बसते, ट्रॅक्टर घुसमटतो आणि आपण अल्टरनेटर विकणाऱ्याला शिव्या घालतो. स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर तोच झटका 15 वर येतो. आधी मोटर सुरू करावी, दिवे आणि टीव्ही मागाहून. रिकामा चालताना हँड ॲक्सिलरेटर 52-53 सायकलवर लावावा, लोड आल्यावर तो 50 वर उतरतो. डिझेल वाचवायला कोणी पीटीओ 480 वर आणला, तर वीज 44 सायकलची होते, पंप पाणी कमी टाकतो आणि मोटर तापते.

एवढे सगळे प्रत्येक घरी पाळले जाईल, असे मानणे भाबडेपणाचे होईल. आम्हीच पाळले नव्हते. म्हणून वैयक्तिक उचलीला आमचा विरोध आहे. त्याऐवजी प्रत्येक गट ऑफिसला ट्रॉलीवर बसवलेला एक अल्टरनेटर असावा. ट्रॅक्टर सभासदाचा, डिझेल वापरणाऱ्याचे. गावची पाणीपुरवठ्याची मोटर, दूध संस्था आणि गिरणी येथे चेंजओव्हर आताच, कोरड्या दिवसांत बसवून ठेवावेत. प्रत्येक गावातून दोन ड्रायव्हर शिकवून तयार करावेत, जोडणीला तेच हात लावतील.

यावर "बारभाईची खेती, काय लागेल हाती" असे म्हणणारे भेटतीलच, आणि त्यात तथ्य आहे. सामाईक यंत्र कोपऱ्यात पडले की वाइंडिंगला ओल धरते, उंदीर केबल कुरतडतात, फार दिवस न फिरवल्याने मशिनमधले चुंबकत्व जाऊन ऐनवेळी वीजच येत नाही. याला उपाय एकच, दर महिन्याला अर्धा तास लोडवर चालवणे आणि पावसाळ्यापूर्वी मेगरने तपासून घेणे. ते काम गटाच्या शेतकी मदतनिसाकडे नावानिशी सोपवावे व त्याची नोंदवही गट ऑफिसात टांगलेली असावी, म्हणजे कोणत्याही सभासदाला ती उघडून बघता येईल.

हा विषय येत्या वार्षिक सभेत घ्यावा, असे पत्र आम्ही देत आहोत. ज्या सभासदांकडे असे अल्टरनेटर आधीच आहेत, त्यांनी आपापल्या बोर्डात चेंजओव्हर आहे की नाही ते आजच पाहावे व नसल्यास गट ऑफिसात कळवावे.