लायसन्स आलं, पण गाडी येते का?

सकाळचे साडेनऊ. चाचणीच्या मैदानावर तीस-चाळीस मुलंमुली हातात फाईल आणि डोक्यावर हेल्मेट घेऊन रांगेत उभी. जमिनीवर पांढऱ्या रंगाने मोठा आठचा आकडा काढलेला. पाय न टेकवता त्या आठवरून गाडी फिरवून दाखवायची, एवढीच परीक्षा. मी दुसऱ्या वळणावर पाय टेकवला. साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "नेक्स्ट. सात दिवसांनी या."

माझ्यामागे जो मुलगा होता, त्याची गाडी मैदानात आलीच नाही. त्याचा एजंट आला, दोन वाक्यं बोलला, आणि मी पार्किंगमधून गाडी काढेपर्यंत तो मुलगा पास होऊन टपरीवर चहा घेत होता. घरी आल्यावर बाबा म्हणाले, "तुला सांगत होतो, हजार-दीड हजार जास्त गेले असते, पण एका फेरीत काम झालं असतं."

ऑफिस कुठलं ते सांगण्यात अर्थ नाही. कारण हा किस्सा मी कॉलेजच्या ग्रुपवर टाकला तेव्हा एकालाही आश्चर्य वाटलं नाही. उलट दोघींनी विचारलं, "तू एजंट का नाही केलास?" गंमत इथेच आहे. नियमाने परीक्षा देणारी मुलगी आपल्याला भोळी वाटते आणि परीक्षा न देणारा मुलगा हुशार!

आकडे आपलेच आहेत

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ लोक गेले. म्हणजे रोज सरासरी ४६० पेक्षा जास्त. महाराष्ट्रातले मृत्यू १५,२२४. उत्तर प्रदेश आणि तामिळनाडूनंतर आपला नंबर तिसरा. गेलेल्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश लोक १८ ते ४५ वयोगटातले होते, आणि दर १०० मृतांपैकी ४४ जण दुचाकीवरचे. थोडक्यात, ही पुरवणी वाचणाऱ्यांच्या वयाची आणि त्यांच्याच गाडीवरची माणसं.

सगळे अपघात लायसन्समुळे होतात असं कोणीच म्हणणार नाही. खड्डे आहेत, उलट्या दिशेने येणारे आहेत, वेग आहे, दारू आहे. पण रस्त्यावर कोणाला येऊ द्यायचं हे ठरवणारी चाळणी एकच, ती म्हणजे लायसन्सची परीक्षा. त्या चाळणीलाच भोक असेल तर पुढचं सगळं नशिबावर.

एजंट विकतो काय?

या प्रश्नावर दिल्लीत एक फार भारी प्रयोग झाला होता. मारियान बर्ट्रांड, सिमियन जान्कोव्ह, रेमा हॅना आणि सेंधिल मुल्लैनाथन या अर्थतज्ज्ञांनी लायसन्स काढायला निघालेल्या ८२२ जणांचा माग ठेवला. त्यांचे तीन गट केले. एका गटाला सांगितलं, लवकर लायसन्स आणलंत तर बक्षीस. दुसऱ्या गटाला ड्रायव्हिंगचे क्लास फुकट दिले. तिसऱ्या गटाला काहीच दिलं नाही, तो तुलनेसाठी. २००७ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

बक्षीसवाल्या गटाला लायसन्स मिळण्याचं प्रमाण वाढलं. पण त्यांच्यात वरचे पैसे देणारे जास्त निघाले, आणि गाडी न येताच लायसन्स मिळालेलेही जास्त निघाले. हे वरचे पैसे थेट टेबलाखालून गेले नव्हते, ते सगळे एजंटमार्फत गेले होते. म्हणजे एजंट फक्त फॉर्म भरून देत नाही. फॉर्म तर आता ‘सारथी’ पोर्टलवर आपल्यालाही भरता येतो. एजंट विकतो ती परीक्षेतून सुटका.

हे गणित आपल्याही लक्षात असतं. सरकारी फी बघा. लर्निंगला प्रत्येक वाहनप्रकारासाठी १५० रुपये आणि परीक्षेचे ५०. पक्क्या लायसन्सच्या चाचणीला प्रत्येक प्रकारासाठी ३०० आणि लायसन्सचे २००, वर कार्डचे थोडे. दुचाकीपुरतं म्हटलं तर हजाराच्या आत काम होतं. मग लोक दुप्पट-तिप्पट पैसे का देतात? कारण नापास झालो तर पुन्हा अपॉइंटमेंट, पुन्हा फी, पुन्हा एक दिवस खाडा. रोजंदारीवर काम करणाऱ्या किंवा डिलिव्हरीचं काम धरू बघणाऱ्या मुलासाठी तो खाडा एजंटच्या पैशांपेक्षा महाग पडतो. तालुक्याच्या गावात तर आरटीओचं शिबिर ठरावीक दिवशीच येतं. तो दिवस हुकला की पुढच्या तारखेची वाट बघा. त्यामुळे एजंटकडे जाणारा प्रत्येक जण लबाड असतो असं मला वाटत नाही. व्यवस्थेने सरळ रस्ता लांबचा करून ठेवला आहे.

कागदावरची परीक्षा आणि मैदानातली

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १५ मी हा लेख लिहिण्यासाठी पहिल्यांदा वाचला आणि चकित झाले. चाचणीत काय काय बघायचं याची लांबलचक यादी आहे त्यात. आरसा नीट लावून घेतला का, गाडी सुरू करण्याआधी काळजी घेतली का, गिअर वेळेवर बदलले का, चढावर थांबून पुन्हा निघता येतं का, ओव्हरटेक कसं केलं, दुसऱ्याला ओव्हरटेक करू दिलं का, अचानक थांबता येतं का, रिव्हर्स येतो का, पादचाऱ्यांच्या क्रॉसिंगवर कसं वागलात.

आता स्वतःची चाचणी आठवा. माझी जेमतेम ४० सेकंदांची होती. आरसा कोणी बघितला नाही, इंडिकेटर कोणी बघितला नाही. नियम चांगला आहे, पण रांगेतल्या प्रत्येकाची चाचणी त्या यादीप्रमाणे घ्यायची तर एका निरीक्षकाला दिवस पुरणार नाही. मग यादीचा आठ होतो आणि कधीकधी आठाचं शून्य.

यावर एक उत्तर म्हणजे माणसाऐवजी यंत्राने परीक्षा घेणं. पुण्यात भोसरीजवळ नाशिक फाट्याला असा संगणकीकृत ट्रॅक आहे. चारचाकीवाल्यांना तिथे आठ, एच आणि चढ यांतून जावं लागतं आणि चूक सेन्सर नोंदवतो. सेन्सरला ‘जरा बघा ना साहेब’ म्हणता येत नाही. म्हणून तिथल्या चाचणीला मुलं घाबरतात, आणि घाबरतात म्हणून आधी प्रॅक्टिस करतात. परीक्षेने हेच तर करायला हवं.

दुसरं उत्तर म्हणजे मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रं. १ जुलै २०२१ पासून त्यांचे नियम लागू आहेत. हलक्या वाहनाचा कोर्स २९ तासांचा, जास्तीत जास्त चार आठवड्यांत संपवायचा. त्यात ८ तास थिअरी आणि २१ तास प्रत्यक्ष गाडी. तिथे पास झालात तर आरटीओची ड्रायव्हिंग चाचणी माफ. २०२४ मध्ये ‘१ जूनपासून आरटीओत टेस्ट बंद’ असा मेसेज तुमच्याही फॅमिली ग्रुपवर आला असेल. तो याच जुन्या नियमाला नवीन तारीख चिकटवून फिरत होता. काहीही बदललेलं नाही, असा खुलासा मंत्रालयाला करावा लागला.

२१ तास गाडी हातात मिळणार असेल तर हा मार्ग चांगलाच. फक्त एक शंका राहते. शिकवणारा तोच, फी घेणारा तोच आणि पास करणाराही तोच. अशा केंद्रांची अचानक तपासणी झाली नाही, तर एजंटची टपरी जाऊन तिथे एसी ऑफिस येईल, एवढाच फरक.

दुचाकी शिकवतं कोण?

या सगळ्या चर्चेत चारचाकीच पुढे असते. पण मरतात जास्त दुचाकीवाले, आणि दुचाकी रीतसर शिकवणारी जागा शोधून सापडत नाही. आपण कसे शिकलो? दादाने सोसायटीच्या पार्किंगमध्ये मागून धरून, नाहीतर मैत्रिणीने कॉलेजमागच्या रस्त्यावर. बॅलन्स आला की ‘गाडी आली’. ब्रेक दोन्ही एकत्र कसे दाबायचे, पावसात किती अंतर ठेवायचं, ट्रकच्या ड्रायव्हरला आपण कुठून दिसत नाही, हे दादालाही कोणी शिकवलेलं नसतं.

आणि बहुतेक जण शिकतात १८ च्या आधीच. कायदा १६व्या वर्षी लायसन्स देतो, पण फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीसाठी. आईच्या पिढीची लुना ५० सीसीची होती. आज शोरूममध्ये उभ्या असलेल्या स्कूटर ११० किंवा १२५ सीसीच्या. म्हणजे कायद्याने परवानगी दिलेली गाडी बाजारातून जवळपास गायब, आणि बाजारातल्या गाडीला कायद्याची परवानगी नाही. ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या आणि २५० वॉटपर्यंतच्या ई-बाइकला लायसन्स लागत नाही, ती एक वाट आहे. पण अकरावी-बारावीच्या कुठल्याही क्लासबाहेर संध्याकाळी उभे राहा आणि गाड्या मोजा. कोणती वाट लोकांनी धरली आहे ते दिसेल.

पालकांनाही हे कळतं. पण क्लास सुटतो रात्री आठला, बस मिळत नाही, रिक्षा परवडत नाही, आणि मुलीला अंधारात चालत येऊ द्यायचं नसतं. मग किल्ली हातात दिली जाते. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरमध्ये अल्पवयीन मुलाच्या पोर्शेने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने संताप व्यक्त केला. तो योग्यच होता. पण २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९९ अ आलिशान गाड्यांपुरतं नाही. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. घरच्या स्कूटरलाही हेच लागू आहे.

मग करायचं काय?

मला तीन गोष्टी सुचतात. दुचाकीची चाचणी आठवरून रस्त्यासारख्या ट्रॅकवर न्यावी, ज्यात सिग्नल, झेब्रा आणि अचानक ब्रेक असेल. नापास करताना काय चुकलं ते लिहून द्यावं, म्हणजे साहेबांची मर्जी आणि उमेदवाराची चूक वेगळी दिसेल. आणि कॉलेजांनी वर्षातून एकदा आरटीओला बोलवून लर्निंगच्या जोडीने दोन दिवसांचं खरं प्रशिक्षण ठेवावं. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांना हॉल मिळतो, तसा याला मैदानाचा कोपरा मिळेल.

सात दिवस मी रोज सकाळी बंद पडलेल्या बाजार समितीच्या आवारात खडूने आठ काढून प्रॅक्टिस केली. पुन्हा ३०० रुपये भरले आणि पास झाले. बाबांनी पेढे आणले. दुसऱ्या दिवशी चौकात डावीकडून एसटी अंगावर आली, उजवीकडून रिक्षा घुसली, आणि माझ्या लक्षात आलं की यातलं मला काहीच विचारलं गेलं नव्हतं. गाडी बाजूला घेतली, दोन मिनिटं थांबले, मग हळूहळू पुढे निघाले. माझं लायसन्स वयाच्या चाळिशीपर्यंत चालणार आहे. तोपर्यंत मला कोणी पुन्हा तपासणार नाही, म्हणून ते काम मीच माझ्याकडे घेतलं आहे.

लायसन्स काढताय? एवढं लक्षात ठेवा

- लर्निंगची मुदत सहा महिने. पक्क्या लायसन्सची चाचणी लर्निंग मिळाल्यावर ३० दिवसांनी देता येते.
- लर्निंगच्या परीक्षेत १५ प्रश्न, त्यातले ९ बरोबर हवेत. आधारवरून घरबसल्या देता येते, पण स्वतःच द्या. रस्त्यावरची चिन्हं तुम्हालाच वाचायची आहेत.
- लर्निंगवर गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ हवा. कारमध्ये शेजारी लायसन्सधारक हवा. दुचाकीवर मागे शिकवणाऱ्याशिवाय कोणी नको.
- नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा संधी. तीनदा नापास झालात तर ६० दिवस थांबावं लागतं.
- विनालायसन्स गाडी चालवली तर ५ हजार दंड.
- डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधलं लायसन्स मूळ कार्डाइतकंच ग्राह्य असतं. मोबाइलचं चार्जिंग मात्र बघून ठेवा.