रिकाम्या फिक्श्चरचा 'हो'

मशिनवर जॉब पकडणाऱ्या फिक्श्चरला एकच साधा प्रश्न विचारायचा असतो: जॉब नीट टेकलाय का? जॉब धातूचा, टेकू धातूचा, मग दोघांमधून वीज जाते का बघायचं. स्वस्त आणि मस्त. इथे ओहायोतल्या आमच्या कारखान्यात काही वर्षांपूर्वी असंच केलं होतं. एक पिन इन्सुलेट केलेली, तिला २४ व्होल्टची तार, आणि परतीचा रस्ता मशिनच्या बॉडीतून. जॉब टेकला की पीएलसीवर हिरवा दिवा, मग क्लॅम्प, मग कटर.

एके दिवशी दिवा लागला, कटर फिरला आणि जॉब उडाला! दाराच्या पत्र्याला पोचा पडला. ऑपरेटर बाजूला होता म्हणून निभावलं. शोधलं तर पिनेच्या तारेचं आवरण चिप्सनी सोललेलं आणि तांबं बॉडीला टेकलेलं. फिक्श्चर रिकामं असलं तरी दिवा हिरवाच.

नंतरच्या मीटिंगमध्ये एक साहेब म्हणाले, "२४ व्होल्टच आहे, शॉक बसत नाही, म्हणजे सेफ." मला हे पटलं नाही. एक तर शॉकचा हिशेबही इतका सोपा नाही. आयईसी ६०२०४-१ हे यंत्रांच्या विजेचं मानक ६० व्होल्ट डीसीपर्यंत सूट देतं, पण जागा कोरडी असेल आणि उघड्या भागाला शरीराचा मोठा भाग लागणार नसेल तरच. नाहीतर मर्यादा १५ व्होल्ट. आमच्या ऑपरेटरचे हात कोपरापर्यंत कूलंटने भिजलेले. याला कोरडी जागा म्हणायचं?

पण खरा धोका शॉकचा नव्हताच. तार बिघडली तर सर्किट 'हो' म्हणत होतं, हा होता. माझं मत असं की अशा सर्किटमध्ये बॉडीला परतीची तार करूच नये. आम्ही नंतर दोन इन्सुलेटेड टेकू घेतले आणि अर्थिंगशी न जोडलेल्या वेगळ्या सप्लायमधून १२ व्होल्ट, वाटेत १ किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे काहीही झालं तरी १२ मिलिअँपिअरच्या वर जाणार नाही. वीज एका टेकूतून जॉबमध्ये आणि दुसऱ्यातून ऑप्टोकपलरमार्गे परत. बॉडीचं अर्थिंग अर्थातच जागेवर. तार तुटली तर उत्तर 'नाही'. एक तार बॉडीला घासली तरी रिकामं फिक्श्चर 'हो' म्हणत नाही. मात्र त्या अवस्थेत जॉब बॉडीला आणि दुसऱ्याच टेकूला लागला तर फसगत होते, म्हणून दोन्ही तारांचं इन्सुलेशन दर आठवड्याला तपासतो. आणि हे सगळं जॉबसाठी. माणसाचा हात वाचवायला गार्डच हवा.

आता उलटी बाजू. तेलाचा थर किंवा अ‍ॅनोडाइज केलेलं अ‍ॅल्युमिनियम असेल तर जॉब टेकूनही उत्तर 'नाही'. प्रॉडक्शन थांबतं, सुपरवायझर ओरडतो, आणि कोणीतरी शहाणा दोन टेकूंमध्ये वायरचा तुकडा अडकवतो. त्याला दोष देण्याआधी टेकूंवर हवेचा फवारा बसवा, आणि अ‍ॅनोडाइजच्या जॉबला ही पद्धत वापरूच नका. तिथे टेकूतून हवा सोडून तिचा दाब बघणं चांगलं.

इकडे येण्यापूर्वी मी भोसरीला एका वर्कशॉपमध्ये होतो. तिथले फोरमनकाका २३० व्होल्टचा बल्ब होल्डरला लावून, दोन उघड्या तारांनी हीच तपासणी करायचे. आज आठवलं तरी अंगावर काटा येतो. पण ते रोज सकाळी आधी रिकाम्या फिक्श्चरवर तारा टेकवायचे, बल्ब लागत नाही ना ते बघायचे, आणि मगच जॉब मागवायचे. "काकांचा बल्ब नको, पण हे रिकाम्याचं बघणं हवं," असं मी त्या मीटिंगमध्ये सांगितलं. (भोसरी कुठे, हे नंतर नकाशावर दाखवावं लागलं!)

आता आमचा प्रोग्रॅम प्रत्येक जॉबच्या आधी रिकाम्या फिक्श्चरकडून 'नाही' ऐकल्याशिवाय पुढे सरकत नाही. दोन टेकूंमध्ये वायरचा तुकडा असला तर तिथेच पकडला जातो. कूलंट साचून दोन टेकू जोडले गेले तरी तसंच. दर जॉबला दोनेक सेकंद जातात आणि त्यावरून कुरकुर अजून चालू आहे.