घरपट्टी बसवावी कोणीं?

ता. ११ मार्च २०२३ रोजीं जम्मू शहरांतील बाजारपेठ बंद होती. जम्मू चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री या व्यापारी संस्थेनें हांक दिली, आणि वकीलवर्गानें व विरोधी पक्षांनीं तीस साथ दिली. कारण घरपट्टी. तेथील सरकारच्या नगरविकास खात्यानें ता. २१ फेब्रुवारी २०२३ रोजीं नियम प्रसिद्ध करून ता. १ एप्रिलपासून शहरांतील घरांवर व दुकानांवर पट्टी लागू केली होती. आमच्या वाचकांस या गडबडीचें थोडें नवल वाटेल. कारण पट्टीचें बिल उंबऱ्यावर येणें ही गोष्ट आपल्याकडे आजोबा-पणजोबांपासून चालत आलेली आहे. जम्मू-श्रीनगरास मात्र ती नवी होती. नवा कर बसतांना लोक जे प्रश्न मोकळेपणानें विचारतात, ते जुन्या कराच्या गांवीं कोणी विचारीत नाहीं. म्हणूनच या वादाकडे लक्ष देणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

प्रथम पट्टीचें स्वरूप पाहूं. इमारतीचा मोहल्ला, क्षेत्रफळ, मजला, वय व उपयोग हीं लक्षांत घेऊन तिचें वार्षिक करयोग्य मूल्य ठरवावयाचें, आणि राहत्या घरास त्याच्या शेंकडा ५ व इतर इमारतींस शेंकडा ६ आकारावयाचे. देवस्थानें मोकळीं, एक हजार चौरस फुटांपर्यंतचीं राहतीं घरेंही मोकळीं. शहरांतील सुमारें शेंकडा चाळीस घरें या मर्यादेंत येतात असें सरकारनें सांगितलें, आणि सिमला, अंबाला, डेहराडून येथील पट्टीच्या मानानें ही एकदशांश आहे असेंही सांगितलें. तेव्हां बोजा असह्य होता असें म्हणतां येत नाहीं. तरी बाजार बंद झाला.

विरोधकांचें एक म्हणणें असें कीं, घर हें मिळकत देत नाहीं. त्यांत माणूस राहतो. या म्हणण्याचा आम्ही आदर करतों, पण तें आम्हांस पटत नाहीं. गल्लींत फरशी झाली, गटार बांधलें गेलें, दिवे लागले, म्हणजे घराची किंमत वाढते ती मालकाच्या घामानें वाढत नाहीं. ज्याला स्वतःचें छप्पर नाहीं त्या हमालानेंही मीठ-मिरची, काडेपेटी घेतांना जो कर दिला, त्यांतून तें गटार झालेलें असतें. मग घरमालकानें आपला वांटा उचलूं नये कां? घर मोठें पण हातीं पैसा नाहीं, अशा विधवेची अडचण मात्र खरी आहे. तिची पट्टी घरावर बोजा म्हणून चढवून पुढें घराची विक्री होईल तेव्हां वसूल करावी. त्यासाठीं सर्व शहराची पट्टी बुडविण्याचें कारण नाहीं.

दुसरें म्हणणें इतिहासाचें आहे, आणि त्याचें वजन अधिक आहे. १८१० सालीं कंपनी सरकारनें काशी शहरावर घरपट्टी बसविली. राहत्या घरास भाड्याच्या शेंकडा ५, दुकानास शेंकडा १०. तेव्हां काशीकर घरदार व धंदे सोडून उघड्या मैदानांत जाऊन बसले. पूर्वीच्या कोणत्याही राज्यकर्त्यानें रयतेच्या राहत्या घरावर हात घातला नव्हता, असें त्यांनीं अर्जांत लिहिलें. अखेर कंपनीस तो कर रद्द करावा लागला. पण कंपनीची पट्टी कंपनीच्या तिजोरींत जावयाची होती. काशीच्या गल्ल्यांशीं तिचा संबंध नव्हता. जम्मूची पट्टी जम्मूच्या नगरसंस्थेकडे राहावयाची आहे. हा भेद लहान नव्हे. काशीचें उदाहरण देणाऱ्यांनीं तो सांगावयास हवा होता.

तिसरें म्हणणें आम्हांस पूर्णपणें मान्य आहे: आम्हांस विचारलें कोणीं? ही पट्टी बसली तेव्हां जम्मू-काश्मीरची विधानसभा नोव्हेंबर २०१८ पासून बरखास्त होती. पट्टीचा अधिकार ऑक्टोबर २०२० मध्यें दिल्लीहून निघालेल्या हुकुमानें आला. २०१८ सालीं निवडून आलेल्या नगरसंस्था त्या वेळीं अस्तित्वांत होत्या, परंतु दर ठरविला तो खात्यानें. पुढें नोव्हेंबर २०२३ मध्यें जम्मू व श्रीनगर येथील महापालिकांची मुदत संपली, आणि पुढच्या दोन वर्षांत नवी निवडणूक झाली नाहीं. म्हणजे पट्टी वसूल करणारा हात राहिला; ती कोठें खर्चिली हें विचारणारें तोंड राहिलें नाहीं. राज्यघटनेचें कलम २४३-यू तर असें सांगतें कीं, नगरसभेची मुदत पांच वर्षें, व ती संपण्यापूर्वीं निवडणूक झालीच पाहिजे.

येथें व्यापारी मंडळींनीं एक मोठी संधि दवडली असें आम्हांस वाटतें. पंधराव्या वित्त आयोगानें नगरसंस्थांच्या अनुदानास दोन अटी घातल्या होत्या. घरपट्टीचा किमान दर जाहीर करावा ही एक. आणि तपासलेले हिशेब सर्वांस पाहतां येतील असे प्रसिद्ध करावे ही दुसरी. सरकारनें पहिली अट बोट दाखवून सांगितली. बाजार बंद करणाऱ्यांनीं दुसरी तितक्याच मोठ्यानें सांगावयाची होती. त्यांनीं मागितलें काय? पट्टी मागें घ्या, एवढेंच. वहीखातें ज्यांचा रोजचा व्यवहार, त्यांनींच वही मागूं नये हें आश्चर्य आहे.

महाराष्ट्रानें मात्र दुसऱ्यास शहाणपण शिकवूं नये. आमच्या व्यापाऱ्यांनीं २०१३ सालीं स्थानिक संस्था कराविरुद्ध दुकानें बंद ठेविलीं, आणि पन्नास कोटींखालील उलाढालीस तो कर ता. १ ऑगस्ट २०१५ पासून माफ झाला. मुंबईची जकात ता. १ जुलै २०१७ रोजीं गेली. जकात ही धान्याच्या पोत्यावर बसे व गरीबाच्या ताटांत उतरे, म्हणून तिच्या जाण्याचें आम्हांस दुःख नाहीं. परंतु त्यानंतर महापालिकांनीं स्वतःच्या हातानें गोळा करावयाचें मोठें उत्पन्न म्हणजे मुख्यतः घरपट्टीच उरली. बाकी सरकारकडून येणारी भरपाई. अशा वेळीं २०२२ च्या आरंभीं मुंबईंत पांचशें चौरस फुटांपर्यंतच्या घरांची पट्टी सबंध माफ करण्याचें जाहीर झालें. लहान घरास सवलत हवीच. पण जो वर्षाला शंभर रुपयेही देत नाहीं, त्याला वॉर्डाच्या कचेरींत जाऊन जाब विचारतांना आपलाच आवाज उसना वाटूं लागतो. नाममात्र कां होईना, पावती त्याच्या हातीं असावी. हें मत लोकप्रिय नाहीं हें आम्ही जाणतों.

आणि निवडणुकीच्या बाबतींत तर आपण जम्मूच्याच पंक्तीला बसलों. मुंबई व पुणें येथील महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्यें संपली. तेव्हांपासून २०२५ सालअखेर दोन्ही शहरांचा कारभार सरकारनियुक्त प्रशासकाकडे होता. या काळांत बिलें नियमित आलीं, दंडाच्या नोटिसाही आल्या. एकाही पेठेनें त्यासाठीं दुकान बंद ठेविल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

उपाय कायद्यांतच करावयास हवा. ज्या शहरांत मुदत संपलेल्या नगरसभेच्या जागीं अंमलदार बसला असेल, तेथें लोकनियुक्त सभा भरेपर्यंत पट्टीचा दर एका पैशानेंही वाढवूं नये व नवी पट्टी बसवूं नये. आणि प्रत्येक बिलाच्या पाठीवर गेल्या वर्षीं त्या वॉर्डांत किती जमा झाले व कशावर खर्च झाले तें छापावें. जम्मू-काश्मीरला २०२४ सालीं पुन्हां विधानसभा मिळाली आहे. चेंबरनें हा मसुदा तिच्यापुढें न्यावा. पुण्या-मुंबईच्या व्यापारी मंडळांनीं तोच आपल्या विधानसभेपुढें न्यावा.