लोअर बर्थ कुणाचा?



गेल्या उन्हाळ्यात आई आमच्याकडे आली होती. वय 74, गुडघे दोन्ही कुरकुरणारे, व्हिसा सहा महिन्यांचा. त्याच सुमारास अस्मादिकांच्या डोक्यात कॅम्परचं खूळ शिरलेलं. तेव्हा एका शनिवारी आईलाही गाडीत घालून एका विक्रेत्याकडे गेलो. नवाकोरा फ्लॅटबेड कॅम्पर उभा होता. विक्रेत्यानं तोंड भरून वर्णन केलं: जमीन पूर्ण रुंदीची, दार बाजूला, फ्रीज, शेगडी, सोलर, काय नि काय. आई तीन पायऱ्या कशीबशी चढली, आत दोन मिनिटं उभी राहिली, आणि मला मराठीत म्हणाली, "छान आहे रे. पण मी कुठे झोपायचं?"

मी प्रश्न भाषांतर करून पुढे सरकवला. विक्रेत्यानं हसत टेबल खाली दाबलं, चार गाद्या इकडच्या तिकडे केल्या आणि म्हणाला, हा घ्या पलंग! आई म्हणाली, "आणि पहाटे साडेचारला मला जाग आली की? तुम्ही उठेपर्यंत मी चहा कुठे ठेवायचा?"

हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. फ्लॅटबेड कॅम्पर म्हणजे जास्त जागा, असं इथला प्रत्येक जाणकार छातीठोकपणे सांगतो. माझं म्हणणं असं की ते अर्धसत्य आहे, आणि उरलेलं अर्ध लपवण्यात सगळ्यांचाच दोष आहे. त्यात गिऱ्हाईकंही आली, म्हणजे मीही आलो.

देशातल्या वाचकांसाठी आधी थोडी ओळख. इथला पिकअप म्हणजे आपल्या बोलेरो पिकअपचा खाऊन-पिऊन सुखी असलेला थोरला भाऊ. त्याच्या हौद्यात एक खोली आणून बसवायची, तिला स्लाइड-इन कॅम्पर म्हणतात. सुट्टी संपली की खोली उतरवून ठेवायची आणि ट्रक कामाला न्यायचा. खोलीचा वरचा भाग ड्रायव्हरच्या टपावर पुढे आलेला असतो, तिथे नवरा-बायकोचा पलंग. अडचण अशी की हौद्यात दोन्ही बाजूंना चाकांचे उंचवटे असतात. मोठ्या ट्रकमध्येसुद्धा त्या दोघांच्या मधे जेमतेम 50 इंच मिळतात, म्हणजे चार बाय आठचं प्लायवुड आडवं ठेवता येईल एवढंच. त्यामुळे स्लाइड-इनची जमीन बोळासारखी अरुंद असते. हौद्याच्या कठड्यांच्या वर गेल्यावर मगच भिंती बाजूला पसरतात.

फ्लॅटबेडवाले काय करतात? अख्खा हौदा, फाळक्यासकट, काढून टाकतात आणि सांगाड्यावर सपाट डेक बसवतात. ऑस्ट्रेलियात ही पद्धत जुनीच. तिथल्या शेतकऱ्यांच्या 'यूट'वर असा सपाट ट्रे सर्रास दिसतो. आता डेक चाकांच्या वर, म्हणजे उंचवट्यांची कटकट संपली. खोलीची जमीन ट्रकच्या रुंदीइतकी करता येते. कॅलिफोर्नियातल्या वुडलंडच्या फोर व्हील कॅम्पर्सनं काढलेल्या फ्लॅटबेड मॉडेलांत दार बाजूला आलं आणि मागे इंग्रजी यू आकाराची बैठक आली, ती यामुळेच.

इथपर्यंत सगळं खरं. आता हिशेब करू.

साडेसहा फुटी हौद्याचा ट्रक धरा. लांबी 78 इंच. स्लाइड-इनची जमीन बाहेरून 48 इंच रुंद, फ्लॅटबेडची ट्रकएवढी, म्हणजे सुमारे 80 इंच. भिंतीची जाडी चहूबाजूंनी दोन-दोन इंच वजा करा. स्लाइड-इनमध्ये उरतात 44 बाय 74 इंच, म्हणजे 22.6 चौरस फूट. फ्लॅटबेडमध्ये 76 बाय 74, म्हणजे 39 चौरस फूट. सोळा चौरस फुटांहून जास्त नफा! कागदावर जागा सत्तर टक्क्यांहून अधिक वाढली.

मग आत उभं राहिल्यावर ती सत्तर टक्के कुठे जाते?

मी टेप घेऊन गेलो होतो (इंजिनियर माणूस, काय करणार). चालायची मोकळी पट्टी मोजली. स्लाइड-इनमध्ये दोन-सव्वादोन फूट. फ्लॅटबेडमध्ये अडीच. बाकी सगळी वाढीव जागा ओट्याखालच्या कपाटांत, बैठकीखालच्या पेट्यांत आणि न्हाणीच्या खोक्यात गेलेली. स्लाइड-इनमध्ये ओटा कठड्याच्या पंखावर तरंगत असतो, त्याच्याखाली फारसं काही नसतं. फ्लॅटबेडमध्ये तोच ओटा जमिनीपर्यंत खाली येतो आणि आपल्याला कपाट मिळतं. म्हणजे माणसाला मिळालेली जागा सामानानं बळकावली.

मुंबई-पुण्यात फ्लॅट घेतलेल्यांना हा प्रकार नवा नाही. 'सुपर बिल्ट-अप' नावाखाली जिना, लिफ्ट आणि लॉबीचे पैसे मोजून आपण घरात शिरायचो आणि पलंग टाकला की कपाटाचं दार उघडायचं नाही. 2016 चा रेरा कायदा आला, आणि कार्पेट एरियावरच व्यवहार करणं बिल्डरांना भाग पडलं. कॅम्परला रेरा नाही. इथे माहितीपत्रकात जमिनीची लांबी असते, बाहेरची लांबी असते, टाकीचे गॅलन असतात, पण माणूस उभा राहतो आणि आडवा होतो तेवढ्या जागेचा आकडा मला तरी शोधून सापडला नाही.

बरं, वाढलेली कपाटं फुकट नसतात. रिकामं कपाट आजवर कुणी पाहिलंय का? ते भरतंच. आणि ट्रकच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक पिवळी पट्टी असते, माणसं आणि सामान मिळून इतक्या वजनाच्या वर नको म्हणून. तो आकडा हौदा काढून डेक बसवल्यानं काही सत्तर टक्क्यांनी वाढत नाही. 20 गॅलन पाणी म्हणजेच 76 किलो, एक अख्खा माणूस. जागा वाढली म्हणून सामान वाढवलं, की त्या हिशेबातून आधी कमी होतं ते माणूस.

दुसरी गोष्ट उंचीची. डेक चाकांच्या वर बसवायचा, शिवाय खड्ड्यात चाक वर उसळेल त्याची सोय सोडायची. म्हणजे फ्लॅटबेडची जमीन हौद्याच्या तळापेक्षा काही इंच वरच येणार. हौद्याचा तळच जमिनीपासून तीन फुटांच्या आसपास असतो. घरातल्या जिन्याची पायरी सात इंचांची धरली तर हा पाच-सहा पायऱ्यांचा चढ झाला. तो कंपन्या तीन पायऱ्यांच्या घडीच्या शिडीत उरकतात. ती शिडी चढून गेल्यावर टपावरच्या पलंगावर आणखी एकदा चढायचं. तिथे बसायला गेलं की डोकं छताला. रात्री लघवीला जायचं तर अंधारात, झोपेत, उलट्या पायांनी उतरायचं.

इथे आमचे मित्र म्हणतात, अरे, कॅम्पर दोन माणसांसाठीच असतो, आईवडलांना मोटेलमध्ये ठेव. आता गंमत बघा. कुठल्याही कॅम्पग्राउंडवर संध्याकाळी फेरी मारा. कॅम्पर घेऊन आलेली बहुतेक मंडळी कोण दिसतात? निवृत्त जोडपी! ट्रक धरून लाखभर डॉलर सहज लागतात, ते हाताशी येईपर्यंत केस पांढरे झालेले असतात. म्हणजे हा गुडघ्यांचा प्रश्न माझ्या आईचा एकटीचा नाही. गोऱ्या साहेबाला तो माझ्याआधी दहा वर्षांनी पडलाय, फक्त तो बोलत नाही. शिडी जड जायला लागली की गुपचूप कॅम्पर विकायला काढतो.

आपण ज्या भारतीय रेल्वेच्या नावानं बोटं मोडतो, तिनं हा विचार कधीच करून ठेवलाय. ज्येष्ठ नागरिकांना आणि 45 वर्षांवरच्या महिलांना, शिल्लक असेल तर लोअर बर्थ आपोआप द्यायची तरतूद आहे. दिवसा तिघं त्याच बर्थवर बसतात, रात्री तोच आजीचा पलंग होतो, टेबल पाडावं लागत नाही. डब्याची आखणी करतानाच खालच्या जागेवर कुणाचा हक्क आधी, हे ठरलेलं आहे. कॅम्परच्या आखणीतही ते ठरलेलंच असतं, फक्त कुणी उच्चारत नाही. कुठल्याही घराचा नकाशा म्हणजे त्यात कोण राहणार आणि कोण पाहुणा, याचा निकालच असतो.

आता मुद्द्यावर येतो. मी फ्लॅटबेडच्या विरोधात नाही. उलट माझं भांडण असं आहे की फ्लॅटबेडचा खरा फायदाच कुणी घेत नाही.

गॅरेजच्या जमिनीवर मी चिकटपट्टीनं 76 बाय 74 चा चौकोन आखला. मागच्या भिंतीला लागून आडवा एक दिवाण आखला, 28 इंच रुंद, 76 इंच लांब. म्हणजे सव्वासहा फुटांहून लांब, आमच्याकडे तेवढं उंच कुणी नाही. जागा किती गेली? पंधरा चौरस फुटांच्या आत. फ्लॅटबेडमुळे वाढलेली जागा सोळाच्या वर. म्हणजे दिवाण नफ्यातच बसला! दिवाण टाकून उरलेली जमीन 46 बाय 76, म्हणजे 24 चौरस फूट, आणि ती स्लाइड-इनच्या अख्ख्या जमिनीपेक्षाही जास्त. त्यात एका बाजूला ओटा, एका कोपऱ्यात अडीच बाय अडीचची मोरी, संडासाच्या डब्यासकट. टेबल भिंतीवरच्या फिरत्या हातावर. दिवसा दिवाणावर तिघं बसतील, रात्री आई झोपेल, पहाटे साडेचारला ती उठून चहा ठेवेल आणि आम्ही टपावर घोरत पडलेले असू. कुणाचंही अंथरूण मोडायला नको.

न्याय करायचा तर हेही सांगतो, की काही जुन्या पद्धतीच्या स्लाइड-इनमध्ये पुढे आडवा सोफा असतो, कठड्याच्या उंचीवर, रात्री त्याचा पलंग होतो. अलास्कन कॅम्परवाल्यांनी तर टपावर पलंगच नसलेली, झोपायची जागा खालीच असलेली मॉडेलं काढली होती. ज्यांच्याकडे बोळाएवढी जमीन होती त्यांनी हा विचार केला, आणि जवळजवळ पावणेदोनपट जमीन मिळाल्यावर यू आकाराची बैठक मांडली. चार माणसांना पत्ते खेळायला ती उत्तम आहे. आजीला झोपायला नाही.

यावर आक्षेप येतात. एक, यू बैठकीचा पलंग मोठा होतो, दोघं झोपतील. मान्य, पण रोज रात्री मांडायचा, रोज सकाळी मोडायचा. पहिल्या आठवड्यानंतर कोण करतो? दोन, कायमच्या दिवाणानं मोकळेपणा जातो. गिरगावात आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत दिवाण होता, त्यावर पाहुणे बसले, मी अभ्यास केला, आजोबांनी शेवटचं दुखणं काढलं. मोकळेपणा गेला असं कुणी म्हटल्याचं आठवत नाही. तीन, पुढे विकताना किंमत येणार नाही. हा आक्षेप खरा असू शकेल. पण घर स्वतःसाठी घ्यायचं की पुढच्या गिऱ्हाइकासाठी, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

चिकटपट्टीचा नकाशा मी आईला दाखवला. तिनं आतून सतरंजी आणली, दिवाणाच्या पट्ट्यांत अंथरली आणि सरळ आडवी झाली. पाच मिनिटं पडून राहिली. मग म्हणाली, "दोन गोष्टी. दार पायाशी आलंय, रात्री तू बाहेरून आलास की थंड वारा थेट पायांवर. ते ओट्याकडे सरकव. आणि इथे भिंतीला एक कडी लाव, उठताना धरायला." वीस वर्षं डिझाइन करतोय, पण कडी मला सुचली नव्हती.

कॅम्पर अजून घेतलेला नाही. आई मार्चमध्ये पुन्हा यायची आहे. काही कंपन्या आतून पूर्ण रिकामं कवच विकतात, तसलं घेऊन आतलं काम स्वतः करायचं असा बेत आहे. देशातही आता कॅराव्हॅन भाड्यानं मिळू लागल्या आहेत. उद्या तुमच्यापैकी कुणी बघायला गेलं तर फ्रीज किती लिटरचा हे शेवटी विचारा. आधी टेप काढा आणि तीन मापं घ्या: पहिली पायरी जमिनीपासून किती वर, चालायची पट्टी किती रुंद, आणि टेबल न मोडता खाली किती माणसं झोपतात. तिसऱ्या मापाचं उत्तर शून्य आलं, तर तो कॅम्पर कितीही रुंद असो, घरातल्या कुणाला तरी मागे ठेवूनच निघणार आहे.

असो. गॅरेजमधली चिकटपट्टी अजून तशीच आहे, गाडी बाहेर उभी असते. बायको रोज विचारते, कधी काढणार. मी म्हणतो, कडी कुठे लावायची ते पक्कं झालं की.